मुक्ताबाईंचे मांडे



आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाची स्मरणिका काढावयाचे ठरले तेव्हा प्रत्येकीला काही ना काही लिहावयास सांगण्यात आले. माझ्या वाट्याला धिरडी आली. हळदीकुंकवाच्या दिवशी मी ज्वारीची धिरडी करून आणली होती, ती सगळ्यांना आवडली, तेव्हा त्यांची कृती हिच्याकडून लिहून घ्यावी असे ठरले. मी पाटी-पेन्सिल घेतल्यासारखी वही घेऊन बसले, पण कृती सहा ओळींत संपली. दोन वाट्या ज्वारीचे पीठ, अर्धी वाटी बेसन, लसूण-मिरची-जिरे वाटून, हळद, मीठ, कोथिंबीर आणि पळीतून सरसर पडेल इतके पाणी. पाव तास पीठ झाकून ठेवावे, तवा चांगला तापू द्यावा, तेल फिरवावे, कडेने सुरुवात करून मध्याकडे पीठ सोडावे, वर झाकण ठेवावे आणि कडा सुटू लागल्या की उलटावे. झाले! घरात पीठ आहे आणि तवा आहे तिला यापेक्षा काय सांगावयाचे?

परंतु तवा हा शब्द लिहिला आणि हात थांबला. तवाच नसेल तर? पीठ भिजवून तयार आहे, घरात खाणारे वाट पाहात आहेत, आणि भाजावयाचे भांडे गावात कोणी द्यावयास तयार नाही, अशी वेळ एका मुलीवर आली होती. ती मुलगी म्हणजे ज्ञानेश्वर माउलींची धाकटी बहीण मुक्ताबाई. मग मी ठरविले की धिरडी पुरे, आपण मुक्ताबाईंच्या मांड्यांविषयी लिहावे. मी काही मोठी शिकलेली नाही. सासरी चातुर्मासात महिपतींचा भक्तिविजय वाचला जात असे तो ऐकला, पुढे स्वतः वाचला, कीर्तने ऐकली. त्यातून जे मनात राहिले ते लिहीत आहे.

आधी मांडे म्हणजे काय ते सांगते, कारण नव्या सुनांना ते ठाऊक नसतात. म्हणीत मात्र मांडे अजून टिकून आहेत. मनातले मांडे खाऊ नकोस असे आपण सगळ्याच म्हणतो, पण ताटात मांडा वाढलेला फार थोड्या जणींनी पाहिला असेल. पुरणपोळी लाटून तव्यावर टाकतात. मांडा हा लाटून संपत नाही. त्याची कणीक इतकी तिंबावी लागते की ती रबरासारखी ताणली जाते. मग ती दोन्ही हातांवर घेऊन या हातावरून त्या हातावर फिरवीत कोपरापर्यंत मोठी मोठी करावयाची आणि पालथ्या घातलेल्या मातीच्या खापरावर अलगद पसरावयाची. खापराखाली जाळ असतो. मांडा रुमालासारखा पातळ, म्हणून क्षणात भाजतो आणि घडी घालून काढतात. खानदेशात आखाजीला खापरावरच्या पुरणपोळ्या करतात त्या याच जातीच्या. बेळगावकडे लग्नाकार्यात साखरेचे मांडे करतात. पदार्थ फार जुना आहे. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर याने इ. स. ११३० च्या सुमारास मानसोल्लास नावाचा संस्कृत ग्रंथ केला, त्यात राजाच्या ताटातील पदार्थांत मंडक आहेत. ही कल्याणी म्हणजे बिदरजवळचे बसवकल्याण, आपल्यापासून फार लांब नाही. म्हणजे मांडे हे राजाचे खाणे होते, आणि त्याची इच्छा झाली कोणाला, तर भिक्षेवर जगणाऱ्या चार पोरक्या भावंडांना.

ही भावंडे आपल्याला परकी नाहीत. बीडच्या बायकांनी तर त्यांना माहेरचेच समजावे. गोदावरीकाठी पैठणजवळ आपेगाव आहे, तेथले हे कुलकर्णी. मुक्ताबाईंचे पणजोबा त्र्यंबकपंत यांना देवगिरीच्या यादव राजाने शके ११२९ म्हणजे इ. स. १२०७ मध्ये बीड प्रांताचे अधिकारी नेमले होते, असे चरित्रकार लिहितात. त्यांचा एक मुलगा लढाईत कामी आला आणि दुसरे गोविंदपंत हे मुक्ताबाईंचे आजोबा. आजी नीराबाई. ज्या घराचा हुकूम बीड प्रांतावर चालत होता, त्याच घरच्या नातीला पुढे एक मातीचे खापर मिळाले नाही.

याचे कारण आपल्यापैकी बहुतेकींना ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात सांगते. गोविंदपंतांचे चिरंजीव विठ्ठलपंत हे विरक्त वृत्तीचे. तीर्थे करीत आळंदीस आले, तेथील कुलकर्णी सिधोपंत यांनी त्यांना आपली मुलगी रुक्मिणीबाई दिली. संसारात मन रमेना म्हणून ते काशीस गेले आणि पाठीमागे कोणी नाही असे गुरूंना सांगून संन्यास घेतला. रुक्मिणीबाई आळंदीच्या सुवर्णपिंपळाला प्रदक्षिणा घालीत राहिल्या. बारा वर्षे घातल्या असे सांगतात. पुढे तेच गुरू यात्रेच्या निमित्ताने आळंदीस आले, रुक्मिणीबाईंनी नमस्कार केला, त्यांनी मुलेबाळे होतील असा आशीर्वाद दिला आणि बाईंना हसू आले. हसू का आले हे विचारता सगळा उलगडा झाला. गुरूंनी काशीस परत जाऊन विठ्ठलपंतांना घरी पाठविले.

आता पाहा, खोटे बोलून संन्यास घेतला तेव्हा गावाने काही म्हटले नाही. टाकलेल्या बायकोकडे नवरा परत आला तेव्हा मात्र गाव खवळले. घर वाळीत पडले. निवृत्तीनाथ शके ११९५, ज्ञानेश्वर ११९७, सोपानदेव ११९९ आणि मुक्ताबाई १२०१ (इ. स. १२७९) अशी दोन दोन वर्षांच्या अंतराने चार मुले झाली, ती संन्याशाची पोरे म्हणून वाढली. काही जण ही साले आणखी मागे नेतात, पण मी बहुतेक पुस्तकांत असलेली दिली आहेत. मुलांची मुंज कोणी करीना. शेवटी शास्त्रीमंडळींनी आईबापांना देहान्त प्रायश्चित्त सांगितले आणि त्या दोघांनी मुलांना मागे ठेवून गंगेत देह सोडला. मुलांची सुटका व्हावी म्हणून त्यांनी हे केले. सुटका काही झाली नाही.

तेव्हा मुक्ता किती लहान असेल! पुढे त्या फार मोठ्या झाल्या, त्यांना अहो-जाहो केले पाहिजे हे मला कळते, परंतु लहानपणचे सांगताना मला ती असेच येते. शके १२०९ मध्ये पैठणच्या ब्राह्मणांकडून शुद्धिपत्र आणावयास ही भावंडे गेली तेव्हा थोरला चौदा वर्षांचा आणि मुक्ता आठ वर्षांची. रेड्याच्या तोंडून वेद वदविल्याची कथा पैठणची. त्यानंतर नेवाशास मुक्काम झाला आणि शके १२१२ म्हणजे इ. स. १२९० मध्ये ज्ञानेश्वरी पुरी झाली. हे सगळे कीर्तनकार दर वर्षी सांगतात, मी त्यात काय भर घालणार? माझ्या मनात एकच गोष्ट येते. त्या वाटेवर तिघा भावांचे तत्त्वज्ञान चालले असताना रोज संध्याकाळी चूल कोण पेटवीत होते? पुस्तकात हे कोणी लिहिले नाही, पण आपल्याला ते लिहून दाखवावयास नको.

आता मांड्यांची गोष्ट. भावंडे आळंदीस परत आली होती. दिवाळीचे दिवस होते असे सांगतात. कोणी दिवाळीचे नाव न घेता निवृत्तीनाथांना मांडे खाण्याची इच्छा झाली एवढेच सांगतात. मुक्ता अकरा-बारा वर्षांची असेल. थोरल्या भावाने कधी काही मागितले नव्हते, त्याने मागितले म्हणून तिला आनंद झाला. भिक्षेतून, कोणाच्या दयेतून पीठ, तूप, गूळ असे जमविले. घरात खापर नव्हते. ते आणावयास ती कुंभारवाड्यात निघाली.

गावात विसोबा चाटी म्हणून एक वजनदार गृहस्थ होते. ते ब्राह्मण, पैसाअडका बाळगून, आणि या भावंडांचा त्यांना मनापासून तिटकारा. त्यांना ही गोष्ट कळली तेव्हा त्यांनी कुंभारांना ताकीद दिली की या मुलीला भांडे द्यावयाचे नाही. कुंभार बिचारे गावाचे बांधलेले. एकाने नाही म्हटले, दुसऱ्याने नाही म्हटले. ती रिकाम्या हाताने परत आली आणि घरात येऊन रडू लागली.

कीर्तनात ही गोष्ट सांगताना येथे बुवा घाईत असतात, कारण त्यांना पुढच्या चमत्काराकडे जावयाचे असते. मी मात्र येथेच थांबते. वाळीत टाकणे म्हणजे काय हे मोठ्या शब्दांत सांगितले तर कळत नाही. पाणवठा बंद, पंगत बंद, मुंज बंद असे आपण वाचतो आणि पान उलटतो. परंतु कणीक भिजवून ठेवलेली आहे, ती फार वेळ राहिली तर आंबेल, भाऊ जेवावयाचे थांबले आहेत, आणि दोन दमड्यांचे खापर गावात ढिगाने पडलेले असून आपल्याला मिळत नाही, हे ज्या बाईने डोळ्यांपुढे आणले तिला बहिष्काराचा अर्थ वेगळा सांगावा लागणार नाही. विसोबांनी तिच्यावर हात उगारल्याचेही कोणी सांगतात. मला वाटते, त्याहूनही रिकाम्या हाताने घरी येणे तिला अधिक लागले असेल.

ज्ञानेश्वरांनी तिला जवळ घेतले, डोळे पुसले आणि का रडतेस ते विचारले. मग ते गुडघे टेकून ओणवे झाले आणि योगबळाने त्यांनी पोटातला अग्नी चेतविला. पाठ तापून तांब्यासारखी लाल झाली. त्या पाठीवर मुक्ताबाईने मांडे भाजले. हे खरे घडले काय, असे आमचा मुलगा विचारतो. महिपतींनी भक्तिविजय शके १६८४ म्हणजे इ. स. १७६२ मध्ये लिहिला. म्हणजे मध्ये जवळजवळ पावणेपाचशे वर्षे गेली होती. एवढ्या काळात गोष्ट माणसामाणसांच्या तोंडून आली. पाठीचे मला सांगता येणार नाही, परंतु खापर न मिळाल्याची गोष्ट मला खरी वाटते. तशी गोष्ट कोणी हौसेने रचीत नाही.

मागच्या माघ महिन्यात हा लेख मनात घोळत होता तेव्हा मी मांडे करून पाहावयाचे ठरविले. खापरासाठी कुंभारवाड्यात गेले. तेथल्या बाईने कशाला पाहिजे ते विचारून घेतले, खापरावर टिचकी मारून आवाज ऐकविला, पैसे घेतले आणि कागदात गुंडाळून दिले. अर्ध्या तासात मी घरी. खापर पदराखाली धरून येताना माझ्या डोळ्यांत पाणी आले हे येथे लिहिते, रस्त्यात कोणाला सांगितले नाही.

गहू आदल्या रात्री पाणी शिंपडून कपड्यात दडपून ठेवले होते, सकाळी दळून आणले आणि पीठ वस्त्रगाळ केले. मीठ, थोडे तेल घालून सैलसर भिजविले, दोन तास झाकून ठेवले आणि मग तिंबावयास घेतले. पाण्याचा हात लावीत, परातीत आपटीत, दंड भरून येईपर्यंत तिंबले. हरभऱ्याची डाळ शिजवून गूळ घालून पुरण केले आणि पाट्यावर गंधासारखे वाटले, कारण पुरणात एक कण राहिला की मांडा तेथून फाटतो. अंगणात तीन दगड मांडून तुराट्यांचा जाळ केला आणि खापर पालथे घातले. पहिला मांडा हातावरच फाटला. दुसरा खापरावर पडला तो गोळा होऊन. तिसरा अर्धा खापरावर आणि अर्धा जाळात. कोपराला चटका बसला. चौथा कसाबसा पसरला, पण तोवर जाळ खाली गेला होता. मी जाळ सारावयास वाकले तर हातावरची कणीक लोंबू लागली. तेव्हा मला कळले की मांडा एकटीने होत नाही. एकीने हातावर फिरवावा आणि दुसरीने जाळ सांभाळावा. जाळ जास्त झाला तर मांडा करपतो, कमी झाला तर वातड होतो. गोष्टीत मुक्ताबाईचा जाळही भाऊच आणि खापरही भाऊच. ती नुसती भाजते आहे आणि तो तिच्या हाताप्रमाणे तापतो आहे. हे मी इतक्या वेळा ऐकले होते, पण अंगणात चटका बसेपर्यंत समजले नव्हते. उरलेल्या कणकेच्या मी मुकाट्याने पोळ्या केल्या आणि फाटके मांडे मुलांनी दुधात कुस्करून खाल्ले.

मांडे झाले तेव्हा विसोबा कुडाच्या आडून पाहात होते. फजिती पाहावयास आले होते ते, आणि पाहिले ते भलतेच. त्यांचा गर्व गळाला. भावंडे जेवावयास बसली असता ते आत शिरले आणि पानातले उष्टे उचलून तोंडात घातले. ज्यांच्या सावलीचा विटाळ मानला त्यांचे उष्टे! त्यांना खेचर म्हणून दूर सारले गेले आणि तोच शब्द त्यांनी नाव म्हणून घेतला. विसोबा चाटी पुढे विसोबा खेचर झाले. योगमार्गात खेचर म्हणजे आकाशात संचार करणारा. आपल्या बोलीत खेचर म्हणजे काय ते सगळ्यांना माहीत आहे. दोन्ही अर्थ त्यांना लागू पडले असे मला वाटते, आधी एक आणि मग दुसरा.

हे विसोबा गोष्टीत पुन्हा येणार आहेत, त्यांना लक्षात ठेवावे.

मुक्ताबाईंचे नाव घेतले की ताटीचे अभंग आठवतात. ताटी म्हणजे झोपडीचे कुडाचे दार. एकदा लोकांच्या अपमानाने ज्ञानेश्वरांचे मन विटले आणि ते ताटी लावून आत बसले. निवृत्तीनाथ गुरू, सोपानदेव भाऊ, पण दाराशी गेली ती मुक्ता. तिने बाहेरून समजूत घातली. संताने जगाचे बोलणे सोसावे, जग आगीसारखे झाले तर आपण पाणी व्हावे, असा तिच्या सांगण्याचा आशय आहे. ताटी उघडली. ज्याने पाठ तापवून तिचे रडे थांबविले, त्याच भावाचा राग तिने शांत केला. रुसलेल्या माणसाला दाराबाहेरून जेवावयास बोलाविणे हे काम आपण जन्मभर करतो. परंतु आपल्या बोलण्याचे अभंग होत नाहीत, ती गोष्ट निराळी!

आता तेरची गोष्ट. तेर म्हणजे गोरोबाकाकांचे गाव, आपल्या शेजारच्या धाराशिव जिल्ह्यात. गोरोबाकाका जातीने कुंभार. संतमंडळी त्यांच्या घरी जमली होती. ज्ञानेश्वर होते, नामदेव होते, मुक्ताबाई होत्या. तेथे कोपऱ्यात थापटणे पडले होते. मुक्ताबाईंनी हे काय म्हणून विचारले. गोरोबाकाकांनी सांगितले की याने मडके थापटून कच्चे की पक्के ते पाहतात. मग आमचीही मडकी पाहा, असे मुक्ताबाई म्हणाल्या. काकांनी थापटणे उचलले आणि एकेकाच्या डोक्यावर मारीत चालले. सगळे गप्प बसले, नामदेव मात्र रागावले. काकांनी निर्णय दिला की एवढे एकच मडके कच्चे आहे. देव ज्यांच्याशी बोलतो असे नामदेव ते! परंतु त्यांना गुरू नव्हता, मी विठ्ठलाचा लाडका हा अभिमान होता.

आळंदीच्या कुंभारांनी जिला दारातून परत पाठविले, तिचा शब्द तेरच्या कुंभाराने मानला. आणि पुढे काय झाले पाहा. नामदेव रडत पंढरपुरास विठ्ठलाकडे गेले, तेव्हा विठ्ठलाने त्यांना गुरू करावयास पाठविले ते विसोबा खेचरांकडे, औंढ्या नागनाथास. तेथे म्हातारे विसोबा शिवाच्या पिंडीवर पाय ठेवून पडले होते. नामदेवांनी पाय उचलून बाजूला ठेवावयास घेतले तर जेथे ठेवावे तेथे पिंडी. देव नाही अशी जागाच नाही, हे त्यांना त्या दिवशी कळले. ज्या माणसाने मुक्ताबाईला खापर मिळू दिले नाही, तो नामदेवांचा गुरू झाला; आणि नामदेवांना त्याच्या दाराशी पोहोचविले ते मुक्ताबाईच्या प्रश्नाने. नामदेव पुढे पंजाबात गेले, शिखांच्या गुरुग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदे आहेत. आपल्याकडे ही सगळी साखळी कोणी एकत्र सांगत नाही. मला ती स्वयंपाक करता करता जुळली.

मुक्ताबाईंनी विसोबांना क्षमा केली असे कोठे वेगळे लिहिलेले नाही. त्यांनी मनात डूख धरला असता तर एवढे झाले असते काय, ते ज्याने त्याने पाहावे.

चांगदेवांचे सर्वांना माहीत आहे. चौदाशे वर्षे जगलेले योगी, वाघावर बसून आणि हातात सापाचा चाबूक घेऊन आले. त्याआधी त्यांनी पत्र पाठविले होते ते कोरे, कारण ज्ञानेश्वर वयाने लहान आणि अधिकाराने मोठे, मायना काय लिहावा ते सुचेना. पत्र पाहून मुक्ताबाई चटकन म्हणाली की एवढी वर्षे जगून चांगदेव कोराच राहिला. त्या पत्राचे उत्तर म्हणून ज्ञानेश्वरांनी पासष्ट ओव्या लिहिल्या, ती चांगदेवपासष्टी. पुढे चांगदेवांनी गुरू केले ते मुक्ताबाईंनाच. त्या नहात असता चांगदेव अवचित आले आणि लाजून माघारी फिरले, तेव्हा त्यांनी त्यांना खडसावले की तुझ्या मनातला स्त्री-पुरुष भेद अजून गेला नाही. आपल्यासारखीने तोंडावर पदर घेतला असता! एवढ्या वयाच्या योग्याने आपल्या पणतीच्याही पणतीएवढ्या मुलीचे शिष्यत्व पत्करले, आणि त्या काळी तिच्या वयाच्या मुलीला आपल्याकडे सासरी भांडी घासावयास लावीत.

मग सगळे फार लवकर संपले. शके १२१८ च्या कार्तिक वद्य त्रयोदशीस, इ. स. १२९६ मध्ये, ज्ञानेश्वरांनी आळंदीस समाधी घेतली. महिन्याने सोपानदेवांनी सासवडास घेतली. चांगदेव पुणतांब्यास गेले. निवृत्तीनाथ आणि मुक्ताबाई असे दोघेच राहिले आणि तापीच्या काठाकाठाने हिंडू लागले. सगळ्या जगाला शहाणपण सांगणारी ती मुलगी भाऊ गेल्यावर उदास झाली, तिचे खाण्यापिण्यात लक्ष लागेना असे सांगतात. शके १२१९, इ. स. १२९७, वैशाख वद्य दशमी. खानदेशात मेहूण गावाजवळ आकाश भरून आले, वीज कडाडली आणि त्या प्रकाशात मुक्ताबाई दिसेनाशी झाली. अठरा वर्षांचे वय. थोरल्या निवृत्तीनाथांनी सगळ्या धाकट्यांना पोहोचविले आणि ज्येष्ठात त्र्यंबकेश्वरास आपण समाधी घेतली. त्यांनी मागितलेल्या मांड्यांची त्यांना तेव्हा आठवण झाली असेल काय, असे माझ्या मनात नेहमी येते.

जेथे त्या लुप्त झाल्या त्या भागात कोथळीस त्यांचे मंदिर आहे. पूर्वीचे एदलाबाद, त्याला आता मुक्ताईनगर म्हणतात. आणि गंमत अशी की हा भाग नेमका खापरावरच्या मांड्यांचा आहे. तेथल्या बायका अजून हातावर मांडा फिरवितात.

तेथून दर वर्षी आषाढी वारीसाठी मुक्ताबाईंची पालखी निघते. महिन्याहून अधिक दिवसांची वाट आहे. शहागडला गोदावरी ओलांडून ती आपल्या जिल्ह्यात येते, गेवराईवरून बीडास मुक्काम करते आणि चौसाळ्यावरून पुढे पंढरीस जाते. आजोबा गोविंदपंतांची समाधी बीडात आहे असे वारकरी मानतात, म्हणून येथे आजोबा-नातीची भेट होते. इतर गावांना मुक्काम असतो, बीडला भेट असते. त्या दिवशी आपण सगळ्याजणी दर्शनाला जातो, वारकऱ्यांसाठी पिठले-भाकरी, पोळ्या करून नेतो.

माझे खापर मी नीट पुसून फडताळात ठेवले आहे. शेजारच्या दोघीजणी जाळ सांभाळावयास तयार झाल्या आहेत. पालखी येण्याच्या आधी तीन-चार वेळा करून पाहू. साधले तर मांडे नेऊ, नाही तर धिरडी आहेतच, त्यांची कृती वर दिली आहे.